साहेब, कागद मिळेल?

घरात चोरी झाली, पोलीस आले. पुढे काय होतं? ठाण्याच्या पायरीपासून कोर्टाच्या निकालापर्यंतचा प्रवास... सोप्या मराठीत!

तुमचा नोटीस पिरियड किती दिवसांचा? चटकन सांगाल. क्रेडिट कार्डाचं बिल कुठल्या तारखेला येतं? तेही पाठ. 'सीटीसी' आणि हातात पडणारा पगार यातला फरक तर झोपेतून उठवून विचारला तरी सांगाल!

आता जरा वेगळे प्रश्न. अटक केलेल्या माणसाला कोर्टापुढे न नेता पोलीस किती तास ठेवू शकतात? पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची असते का? 'एनसी' आणि 'एफआयआर' यात फरक काय?

हा लेख लिहायला घेतला तेव्हा हेच तीन प्रश्न मी मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकले. आयटीवाले, बँकवाले, एक सीए, एक आर्किटेक्ट. उत्तरं आली ती बहुतेक सिनेमातली. "पोलीस हवं तेवढं ठेवतात गं." "सही तर करावीच लागते ना?" आणि एकाचं अगदी प्रामाणिक उत्तर : "आपला काय संबंध?"

संबंध कधी येईल ते सांगता येत नाही, हीच तर गोची आहे. म्हणून दोन दिवस पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात जाऊन बसले, एका वकील मैत्रिणीचं डोकं खाल्लं आणि कायद्याचं पुस्तक चाळलं. एवढ्या सगळ्यातून फंडा एकच हाती लागला. ही सगळी प्रक्रिया दोन वस्तूंवर चालते : कागद आणि घड्याळ. तुमच्या घराची झडती घेण्याची, फोन जप्त करण्याची, तुम्हाला कोठडीत टाकण्याची ताकद सरकारकडे आहेच. कायदा ती काढून घेत नाही. तो एवढंच म्हणतो, की वापरायची तर लिहून वापरा आणि वेळेत वापरा. त्यामुळे जवळपास प्रत्येक पायरीवर कुणीतरी कुणाला तरी एक कागद द्यायचा असतो. आपण तो मागत नाही, कारण असा काही कागद असतो हेच आपल्याला माहीत नसतं.

आधी नंबर बदलून घ्या

सुरुवातीलाच एक अपडेट. १ जुलै २०२४ पासून देशातले तीन मोठे फौजदारी कायदे बदलले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. गुन्हा कशाला म्हणायचं आणि शिक्षा किती, हे पहिला कायदा सांगतो. तपास, अटक, जामीन, खटला कसा चालवायचा, हे दुसरा. पुरावा कुठला चालतो, हे तिसरा.

म्हणजे 'चारशेवीस' आता चारशेवीस राहिला नाही. फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. आणि सिनेमातला तो फेमस 'तीनसौ दो'? खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. नव्या संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांबद्दल आहे. जुन्या कायद्यावर शिकलेले काका सल्ला द्यायला लागले, तर नंबर एकदा तपासून घ्या. तत्त्वं मात्र बरीचशी तीच आहेत.

पायरी पहिली : खबर

उदाहरणासाठी एक साधी चोरी घेऊ. कोथरूडचा टू बीएचके, तीन रूममेट्स. वीकेंडला तिघीही आपापल्या गावी. सोमवारी सकाळी येऊन बघतात तर दोन लॅपटॉप आणि एकीच्या आईची सोन्याची चेन गायब!

पहिलं काम : कपाटाला, कडीकोयंड्याला हात न लावता ११२ वर फोन करणं किंवा थेट ठाणं गाठणं. तिथे तुमची माहिती दोनपैकी एका रजिस्टरमध्ये जाते, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. गुन्हा दखलपात्र असेल, तर 'एफआयआर'. मग पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र असेल, तर 'एनसी'. म्हणजे नोंद झाली, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शेजाऱ्याने शिवीगाळ केली तर सहसा एनसी. राहत्या घरातली चोरी? दखलपात्र, अजामीनपात्र, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

गंमत अशी, की कधी कधी चोरीची तक्रार घेऊन गेलेला माणूस 'वस्तू गहाळ' असा दाखला घेऊन घरी येतो. लॅपटॉप पळून जात नाही हो! गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवला. चोरी म्हणजे दुसऱ्याने नेला. गहाळच्या दाखल्यावर चोर कुणी शोधत बसत नाही आणि इन्शुरन्सवालाही तुम्हाला तोच फरक पहिल्यांदा दाखवतो. त्यामुळे सही करण्याआधी वरचा मथळा वाचा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये 'ललिता कुमारी' खटल्यात स्पष्ट सांगितलं. नव्या संहितेने त्यात एक खिडकी ठेवली आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते. पण तिलाही घड्याळ आहे : १४ दिवस. आपल्या उदाहरणातली चोरी त्या खिडकीत बसत नाही.

"ही आमची हद्द नाही," हे वाक्य ऐकलंय ना? आता संहितेतच लिहिलंय, की गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच 'झीरो एफआयआर' म्हणतात. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम. खबर ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आणि पहिला कागद इथे : एफआयआरची प्रत. लगेच आणि फुकट. झेरॉक्सचे दोन रुपयेसुद्धा तुम्ही द्यायचे नाहीत.

नोंदवायला नकार मिळाला तर? आवाज चढवू नका. तीच माहिती लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. शहरात असाल तर उपायुक्तांकडे. पोस्टाची पावती जपा. तिथेही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो आणि मॅजिस्ट्रेट तपासाचा आदेश देऊ शकतात.

"कोणावर संशय?"

खबर लिहून घेताना एक प्रश्न हमखास येतो : "कोणावर संशय आहे का?" साधा प्रश्न. पण तिथे बसलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा याचं वजन जास्त आहे.

आपल्या तिघी रूममेट्सच्या डोळ्यांसमोर चटकन दोन माणसं येतात. धुण्याभांड्याच्या मावशी आणि रात्रीचा वॉचमन. का? पुरावा काहीच नाही. किल्ली मावशींकडे असते आणि वॉचमन गेटवर असतो, एवढंच. ज्या ब्रोकरकडे डुप्लिकेट किल्ली आहे, ज्याने गेल्या महिन्यात वायफाय बसवलं, मागच्या भाडेकरूने परत न केलेली तिसरी किल्ली... यातलं काही आठवत नाही.

जे पाहिलं ते सांगा. जे वाटतं ते 'वाटतं' म्हणूनच सांगा. "किल्ली कुणाकुणाकडे आहे?" याचं उत्तर म्हणजे माहिती. "मावशींनीच नेलं असणार," हा अंदाज. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो. आणि कुणाला अडकवण्यासाठी जाणूनबुजून खोटी खबर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलीस घरी येतील, पंचनामा करतील, ठसे घेतील. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं अशी तरतूद नव्या संहितेत आहे. ती राज्यांनी टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं मात्र आता कायद्यानेच आवश्यक केलंय. मोबाइलवर केलेलं चालतं आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. झडती घेताना दोन स्वतंत्र पंच हवेत. ज्याच्या घराची झडती झाली त्याला जप्त वस्तूंच्या यादीची प्रत द्यायची असते. हा दुसरा कागद. तुम्ही पंच असाल तर पंचनामा वाचून, मगच सही करा. "मॅडम, करा हो, फॉर्म्यालिटी आहे," असं कुणी म्हणालं तरी! कोर्टात साक्षीला तुम्हालाच उभं राहायचंय.

"जरा ठाण्यात येऊन जा"

आता खुर्ची फिरवू. फोन तुम्हाला आलाय. किंवा मावशींना. किंवा वॉचमनला. "साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा."

पहिला प्रश्न, शांतपणे : साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून? आणि लेखी नोटीस मिळेल का? साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. साक्षीदार स्त्री असेल, पंधरा वर्षांखालचा मुलगा असेल, साठीच्या पुढचे गृहस्थ असतील, किंवा कुणी अपंग वा गंभीर आजारी असेल, तर ठाण्यात बोलावताच येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा. त्या माणसाने स्वतःहून यायची तयारी दाखवली तर गोष्ट वेगळी.

संशयित असाल तर संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस येते. हे कलम महत्त्वाचं आहे, कारण ते अटकेला पर्याय आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, अटक का गरजेची आहे ते लिहून काढावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये 'अर्नेश कुमार' निकालात बजावलं. नोटीस आली, तुम्ही वेळेवर हजर राहिलात, सहकार्य केलंत, तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून ही नोटीस टाळू नका. तीच तुमची ढाल आहे. जाताना प्रत बरोबर न्या, हजर राहिल्याची पोच मागा.

जबाब देताना दोन गोष्टी. एक, जे उत्तर तुम्हालाच गुन्ह्यात अडकवेल ते द्यायची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम २० मध्येच तसं लिहिलंय. दोन, ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर : तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते! कायदा तसं स्पष्ट सांगतो. एफआयआरवर खबर देणाऱ्याची सही असते, पंचनाम्यावर पंचांची. जबाबावर नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग चालतो, इतकंच. कबुलीजबाब नोंदवायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे, आणि तोही "तुझ्यावर अशी सक्ती नाही" हे आधी सांगून.

व्हिडिओ कॉलवरची अटक

इथे जरा थांबू. तुमच्या ऑफिसमध्येही एखाद्याला असा कॉल आला असेल. "तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेरा बंद करायचा नाही." समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. शिकलेल्या माणसांनी या भीतीपोटी आयुष्यभराची पुंजी ट्रान्सफर केली आहे.

'डिजिटल अरेस्ट' अशी गोष्ट भारतीय कायद्यात नाही. अटक म्हणजे प्रत्यक्ष शरीराला स्पर्श करणं किंवा माणसाला अडवून ठेवणं, नाहीतर त्या माणसाने शब्दाने वा कृतीने स्वतःला स्वाधीन करणं. संहितेची व्याख्याच अशी आहे. वायफायवरून ती होत नाही. कलम ३५ ची नोटीसही व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. कोर्टाचं समन्स मात्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं. पण कुठलंच कोर्ट 'व्हेरिफिकेशन'साठी पैसे पाठवायला सांगत नाही. कॉल कट करा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० लावा. पहिले काही तास हातात असतात तेव्हाच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

चोवीस तास

आता खरी अटक. समजा आपल्या चोरीत वॉचमनला उचललं. त्या क्षणापासून घड्याळ सुरू : चोवीस तास. प्रवासाचा वेळ वगळून इतक्या वेळात त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये हा हक्क दिलेला आहे, कुणा साहेबाच्या मर्जीवर तो नाही. "अटक नाही, नुसतं चौकशीला बसवलंय," ही पळवाटही चालत नाही. माणसाला जाऊ देत नाहीत, म्हणजे त्याचं स्वातंत्र्य गेलं. कागदावर अटक कितीही वाजता दाखवा.

या चोवीस तासांत सगळ्यात जास्त कागद तयार होतात. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो करायचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही. त्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. डॉक्टरकडून तपासणी करून अहवालाची प्रत त्याला द्यायची. चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यायचं. पूर्णवेळ वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. १९९६ मध्ये 'डी. के. बसू' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर हे नियम घालून दिले. आज त्यातले बरेचसे थेट कायद्यात आहेत.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तरच, तीही महिला अधिकाऱ्याकडून आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन.

यातला सर्वांत मोठा कागद म्हणजे अटकेची कारणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या वरळीच्या २०२४ च्या हिट अँड रन प्रकरणातून आलेल्या अपिलात सांगितलं, की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा ठरते. का? कारण कशासाठी धरलंय हेच माहीत नसेल, तर वकील बिचारा रिमांडला विरोध कसला करणार!

दोन मिनिटांचं कोर्ट

रिमांडचं कामकाज पाहायला मी कोर्टात बसले होते. सिनेमातलं कोर्ट विसरा. इथे हातोडा नाही, 'ऑर्डर ऑर्डर' नाही. पुकारा होतो, माणूस पुढे येतो, न्यायाधीश विचारतात : "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" माणूस शेजारच्या हवालदाराकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "नाही." एकेका माणसाचं काम दोन-तीन मिनिटांत आटोपतं. मारहाण झाली असेल, अटक दोन दिवस आधीची असेल, कारणं दिली नसतील, तर सांगायची जागा हीच. ती अशी भुर्रकन निघून जाते.

इथे दोन शब्द ऐकू येतात. 'पीसी' म्हणजे पोलीस कोठडी, माणूस तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात. 'एमसी' म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस तुरुंगात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच मागावी लागे. नव्या संहितेत ती गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. पोलिसांचं म्हणणं, तपासाला सोपं जातं. वकिलांचं म्हणणं, जामीन लांबतो.

मग जामीन. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असा अर्थ अनेक जण काढतात. तसं नाही. तिथे निर्णय कोर्टाच्या विवेकावर असतो, एवढंच. माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा नष्ट करेल का, हे पाहिलं जातं. अटक होण्याची भीती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. जामीन मंजूर झाला तरी लगेच सुटका होत नाही. जामीनदार लागतो, त्याची कागदपत्रं लागतात, किंवा रोख रक्कम भरावी लागते. काही वेळा कोर्ट नुसत्या जातमुचलक्यावर सोडतं.

आणि आता एक दातवालं घड्याळ. ठरावीक दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा असेल तर ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. आपल्या वॉचमनसाठी ६०. पण ६१ व्या दिवशी दार आपोआप उघडत नाही. अर्ज करावा लागतो. अर्जाआधीच आरोपपत्र आलं तर हक्क गेला. दिवस मोजणारा कुणीतरी हवा.

ज्यांच्यासाठी मोजणारं कुणी नाही, त्यांचं काय होतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोची आकडेवारी पाहा. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. शंभरातली जवळपास शहात्तर!

आरोपपत्र ते निकाल

तपास संपला की आरोपपत्र. खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी कोर्टात हजर झाला की १४ दिवसांत त्याला सगळ्या कागदपत्रांच्या प्रती. मग दोषारोप निश्चित होतात, "गुन्हा कबूल आहे का?" असं विचारलं जातं. नाही म्हटलं की साक्षीपुरावे : सरतपास, उलटतपास, आरोपीचा जबाब, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद, निकाल.

खटल्याचं नाव बघा : महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक. तुमचं नाव कुठेच नाही. फिर्यादी असलात तरी कोर्टाच्या हिशेबी तुम्ही एक साक्षीदार. खटला सरकार चालवतं, सरकारी वकील फुकट असतो. म्हणूनच "जाऊ दे, केस मागे घेते," असं सहसा म्हणता येत नाही. काही ठरावीक गुन्ह्यांतच तडजोड चालते.

नव्या संहितेत इथेही घड्याळं लावलीत. दोषारोप पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत, एका पक्षाला दोनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, मॅजिस्ट्रेटपुढचा खटला संपला की ४५ दिवसांत निकाल. कागदावर छान आहे. पण ही मुदत उलटली म्हणून कुणी सुटत नाही. कोर्टांतली गर्दी पाहता ती पाळली जाईलच याची खात्री वकील देत नाहीत. तुमची चेन सापडली तर ती 'मुद्देमाल' म्हणून जमा होते. ती परत मिळवायला खटला संपेपर्यंत थांबू नका. कोर्टात अर्ज करून, बाँड देऊन ती आधीही मिळू शकते.

चौकट : खिशात ठेवा

• एफआयआर दिली : फुकट प्रत मागा.
• नकार मिळाला : लेखी तक्रार, पोस्ट, पावती.
• झडती झाली : जप्तीच्या यादीची प्रत आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग.
• बोलावणं आलं : लेखी नोटीस. हजर राहिल्याची पोच.
• जबाब दिला : सही नाही.
• अटक झाली : लेखी कारणं, अटकेचा मेमो, घरी निरोप, डॉक्टरी अहवाल, वकील. चोवीस तासांत कोर्ट.
• कोठडीत आहे : ६० किंवा ९० वा दिवस कॅलेंडरवर लिहा.
• नंबर : ११२ आणीबाणीसाठी, १९३० सायबर फसवणुकीसाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी.

मागा, पण गोडीने

"कागद मागितला तर साहेब चिडणार नाहीत?" हा प्रश्न मी वकील मैत्रिणीला विचारला. ती म्हणाली, "चिडतीलही. पण कायदा पाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो कागद हवाच असतो. कागद नसेल तर कोर्टात पहिली झाडाझडती त्याचीच होते." तेव्हा शिकवायला जाऊ नका, कलमं फेकू नका. "साहेब, प्रत मिळेल का?" एवढं पुरे. एकटे जाऊ नका, तारीख-वेळ-नाव लिहून ठेवा.

आपल्याला हे जमेल. कुणाचा तरी चुलत भाऊ वकील असतो, ऑफिसमध्ये लीगल डिपार्टमेंट असतं, रात्री अकराला फोन उचलणारं कुणीतरी असतं. पण त्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली, तर ठाण्यात आधी आपण जाणार नाही. मावशी आणि वॉचमन जातील. आपल्याच एका वाक्यामुळे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींमधली माणसं आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मावशी त्यात बसतात. वॉचमन धरला गेला तर तोही बसतो. दोघांनाही हे माहीत असण्याची शक्यता कमी आहे.

उद्या सकाळी मावशी आल्या की चहा झाल्यावर त्यांचा फोन मागून घ्या आणि १५१०० सेव्ह करून द्या. 'फुकट वकील' अशा नावाने केला तरी चालेल. रात्री गेटमधून आत येताना वॉचमनलाही.